मानपूरहून इंदूरच्या संग्रहालयात

मानपूर हे आग्रा-मुंबई रस्त्यावरील गाव. तेथून शाळेच्या मुलांना महूमार्गे इंदूरचे मध्यवर्ती संग्रहालय दाखविण्यास नेता येते. हिंगलाजगडच्या परमारकालीन मूर्ती हे तेथील खरे वैभव. परंतु चाळीस मुलांचा घोळका एकाच मार्गदर्शकामागे निघाला, की मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच तेवढ्या दिसतात! म्हणून दहा-दहांचे गट करावेत व प्रत्येक गटाबरोबर एक वडीलधारे माणूस द्यावे. सगळी दालने पाहिलीच पाहिजेत, हा हट्ट नसावा. एकाच मूर्तीपुढे पाव तास बसवून तिच्या हातांत काय आहे, कोणता भाग भंगला आहे, हे मुलांनाच शोधू द्यावे. माहिती मागाहून सांगावी. स्पर्श मात्र करू देऊ नये. हाताच्या घामाने दगड डागाळतो.

आपल्या मुलांशी एक गोष्ट निघण्यापूर्वीच बोलावी लागते. ‘फादर, या मूर्तींना नमस्कार करायचा का?’ असे एखादे मूल विचारतेच. आराधना आपण एका परमेश्वराचीच करतो, हे त्याला स्पष्ट सांगावे. परंतु शेजाऱ्याला जे पूज्य, त्यापुढे खिदळणे आपणांस शोभत नाही, हेही सांगावे. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा अव्हेरीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ साली घोषित केलेच आहे.

शिदोरी अर्थातच बाहेर, झाडाखाली सोडावी.