डोंगराची निवड

कोयनानगरच्या कोणत्याही अंगणात उभे राहिले, तरी नजर डोंगरावरच जाऊन थांबते. एका बाजूला १०३ मीटर उंचीचे धरण, त्यामागे शिवाजीसागराचे विस्तीर्ण पाणी आणि चोहोबाजूंना सह्याद्रीच्या रांगा. अशा गावातील मुलांना डोंगर चढण्याची हौस वाटली नाही, तरच नवल!

एका हिवाळ्यात तेथील सातवीच्या मुलांनी एकमुखाने ठरविले, की यंदाची सहल वासोट्यालाच न्यायची. बामणोलीहून होडीने जलाशय ओलांडायचा, घनदाट अरण्यातून सुमारे पाचशे मीटर चढायचे आणि माथ्यावरून कोकणात कोसळणारे कडे पाहायचे! गुरुजींनी सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "वर्गात सर्वांत हळू कोण चालते?"

साऱ्यांच्या नजरा मागच्या बाकाकडे वळल्या. तेथील मुलगा पावसाळ्यात मोठ्या दुखण्यातून उठला होता. तो मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, मी घरीच राहीन."

"मग ती सहल सातवीची कशी होईल?" असे म्हणून गुरुजींनी खडू हाती घेतला.

स्कॉटलंड हाही डोंगराळ मुलूख. तेथील विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब सांगून ठेवला आहे. आजच्या मापात तो असा : पाच किलोमीटर चालीला एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास जोडावा. परंतु हा हिशेब सराव असलेल्या, न थांबणाऱ्या माणसाचा. मुलांचे पाणी पिणे, धापा टाकणे, फुलपाखरांमागे रेंगाळणे यांसाठी वेळ वेगळा राखावा लागतो. शिवाय वासोट्याला होडीचा वेळ जाताना आणि येतानाही लागणार. कोयनेचे हे अरण्य १९८५ पासून अभयारण्य आहे आणि २०१० पासून ते व्याघ्र प्रकल्पातही आले आहे. तेथे परवानगी घेऊन जायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतायचे. मुलांनीच आकडेमोड केली. वासोटा जमत होता. पण तो धावतपळत! नवजाजवळचा जंगली जयगड तुलनेने जवळ. परंतु तोही दाट रानातला. अखेर पाटणजवळचा दातेगड ठरला. त्याच्या पायथ्याच्या टोळेवाडीपासून चढ थोडाच आहे.

"एवढासाच डोंगर!" वासोट्यासाठी सर्वांत अधिक हट्ट धरणारा मुलगा पायथ्याशी पुटपुटला. पण तो चालला मात्र मागे, दुखण्यातून उठलेल्या मित्राबरोबर. वाटेत तो मित्र तीनदा बसला आणि तिन्ही वेळा सारा वर्ग बसला. कोणी चेष्टा केली नाही. तिसऱ्या वेळी त्या हट्टी मुलाने मित्राची पिशवी काही न बोलता आपल्या खांद्यावर घेतली.

माथ्यावर मुले थक्क झाली. खडकात कोरलेला भव्य गणपती, तसाच मारुती आणि कातळ फोडून काढलेली, तलवारीच्या आकाराची खोल विहीर! तिच्या पायऱ्या उतरताना अंगाला गारवा झोंबत होता. खाली दरीत कराडकडे, कृष्णेला भेटावयास निघालेली कोयना चमकत होती. मागच्या बाकावरचा मुलगा ती पाहत कितीतरी वेळ उभा राहिला. मग त्याने हळूच विचारले, "गुरुजी, पुढच्या वर्षी वासोटा जमेल मला?"

"आज तू तीनदा बसलास," गुरुजी हसून म्हणाले. "पुन्हा येथे ये आणि एकदाच बसून वर चढून दाखव. मग पुढचा हिशेब आपण दोघे मिळून मांडू."

डोंगर कोठे पळून जात नाहीत. आज सोडलेला डोंगर उद्या चढता येतो. वाटेत मागे टाकलेला सोबती मात्र उद्या त्याच विश्वासाने बरोबर येईलच, असे नाही.