चरीचा संप आणि साहित्याची तीन रूपं

कविता, गद्य आणि नाटक यांतला फरक विचारला की शाळेतली मुलं ठरलेलं उत्तर देतात: यमक जुळलं की कविता, परिच्छेद आले की गद्य आणि पात्रांच्या नावांपुढे बोलणं लिहिलं की नाटक. हे उत्तर मुलांनी शोधलेलं नाही, आम्ही शिक्षकांनी त्यांना पाठ करायला दिलेलं आहे. ते पान कसं दिसतं यावर उभं आहे, मजकूर काय करतो यावर नाही. मला वाटतं, लिहिणारा शब्दांकडून कोणतं काम करून घेतो आणि ऐकणाऱ्यानं काय करावं अशी त्याची अपेक्षा असते, यात या तिन्हींचा खरा फरक आहे. शिकवायला सुरुवात तिथूनच करावी. रायगडच्या किनाऱ्यावर तर त्यासाठी लागणारे दाखले शाळेच्या आसपासच सापडतात.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना आक्षी लागतं. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्या दगडावर परिच्छेद नाहीत, तरी तो गद्यच आहे. कारण कोणाच्या राज्यात, कोणी, काय दान दिलं हे पुढच्यांना निःसंदिग्ध कळावं एवढ्यासाठी तो कोरला गेला. याच पट्ट्यातल्या आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवला गाते. तो कागदावर नसतानाही पिढ्यान्पिढ्या टिकला, कारण चाल आणि आवर्तन यांनी तो लक्षात राहतो आणि ऐकणाऱ्यांनाही आपल्यासोबत गायला लावतो. छापील ओळी नसल्या म्हणून त्याचं कवितापण कमी होत नाही. दक्षिण रायगडातल्या जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले गाण्यातूनच एकमेकांना सवाल टाकतात. सगळं पद्यात असतं, पण समोरासमोर दोन पक्ष भिडलेले असतात आणि आता काय उत्तर येणार याकडे प्रेक्षकांचे कान असतात. नाट्याचा गाभा तो हाच. उलट तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’ संवादांनी भरलेलं असूनही नाटक नाही. चक्रधरांच्या आठवणी जपून ठेवणारं ते गद्य आहे. आणि १८८० साली रंगभूमीवर आलेलं ‘संगीत शाकुंतल’ पदांनी भरलेलं असूनही नाटकच आहे. यमक, परिच्छेद, संवाद या तिन्ही खुणा अशा एकेक करून गळून पडतात.

मग मुलांना शिकवायचं कसं? एकच विषय तिन्ही रूपांत लिहायला लावून. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाचा संप यासाठी घ्यावा. १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांनी नांगर धरायला नकार दिला आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. हे गद्यात लिहिताना मुलाला खोत कोण, कूळ कोण आणि पिकाचा वाटा कोणाकडे जात होता हे सांगावंच लागतं. कारण सुटलं की लेख कोसळतो. कवितेत वर्षं आणि कायदे बहुतेक गळतात, मागे उरतं ते पडीक ठेवलेलं शेत आणि त्याच्या मालकीविषयीची तळमळ. नाटकात मुलाला एक माणूस असा शोधावा लागतो, ज्याचा निर्णय अजून झालेला नाही: संपात राहावं की घरातल्या रित्या कणगीकडे बघून नांगर जुंपावा? तिन्ही लिहून झाली की प्रत्येक रूपात काय टाकावं लागलं आणि काय नव्यानं आणावं लागलं, एवढंच मुलांना विचारावं. व्याख्या त्यांच्याच तोंडून येते.

लहान मुलांना ठळक खुणा लागतात, हा आक्षेप रास्त आहे. दुसरी-तिसरीत यमक ओळखायला शिकवण्यात काही गैर नाही. पण आठवीतही तीच खूण पुरत असेल, तर मुक्तछंद समोर आला की मुलगा गोंधळणारच. दुसरा आक्षेप परीक्षेचा. पण ज्याला कारण कळलंय, त्याला फरकाचे मुद्दे लिहिणं जड जात नाही. पाठ केलेले मुद्दे मात्र अनोळखी उताऱ्यापुढे निरुपयोगी ठरतात. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: साहित्यप्रकार एकमेकांत मिसळतात, तर भिंती उभ्या कशाला करायच्या? मिसळतात हे खरंच. पण जाखडीत कविता आणि नाट्य एकत्र आलंय हे ओळखायला आधी दोन्हींचं काम वेगवेगळं ठाऊक असावं लागतं.

म्हणून मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. ‘हा कोणता साहित्यप्रकार?’ हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवा आणि ‘हे असंच का लिहिलं?’ असं विचारा. चरीचा संप कोकणाबाहेरच्या वर्गासाठी दूरचा वाटला, तर आपल्या गावातला एखादा लढा, एखादं धरण, एखादी जत्रा घ्या. फरक मुलांना सांगून कळत नाही, तो त्यांच्या हातून लिहिला जावा लागतो.