मागील पानावरून पुढें

भरल्या घरांत कोणतेंहि काम एका बैठकींत उरकत नाहीं. पोथी वाचावयास बसावें तों दारांत पाहुणा उभा राहतो. हिशेब लिहावयास घ्यावा तों कोणाच्या तरी औषधाची वेळ होते. म्हणूनच पोथींत खुणेचा दोरा असतो, आणि वहीच्या पानाच्या माथ्यावर मागील पानाची बेरीज आणून मांडलेली असते. जेथें सोडलें तेथूनच काम उचलतां यावें, ही सोय वाडवडिलांनीं केव्हांच करून ठेवली. संगणकाच्या पडद्यावरील अर्ज मात्र बहुधा अशा समजुतीनें केलेला असतो, कीं तो भरणारा मनुष्य एकटा, निवांत व एकदांहि मागें वळून न पाहणारा आहे!

आमच्या वहिनी आज ७२ वर्षांच्या आहेत. दादा गेल्यापासून निवृत्तिवेतनाचीं व बँकेचीं सारीं कामें त्या स्वतःच संगणकावर करीत, आणि त्यांत त्यांना योग्य तो अभिमानहि होता. गेल्या वर्षीं एका संस्थेचा पांच पानांचा अर्ज त्या भरीत होत्या. चवथ्या पानावर आल्यावर मागील तारीख एकवार पडताळावी, म्हणून त्यांनीं मागें जाण्याची कळ दाबली. तों अर्जच नाहींसा झाला! पुन्हां आंत शिरून पाहतात, तर पहिलेंच पान आणि तेंहि कोरें. दुसऱ्या खेपेस त्यांनीं ती कळ टाळली. पण मध्येंच दारावर गॅसवाला आला, दहा मिनिटें गेलीं, आणि मुदत संपल्याचें सांगून अर्ज पुनः कोरा झाला. त्यांनीं चष्मा काढून ठेवला व म्हणाल्या, "भाऊजी, आतां हीं कामें तुम्हीच पाहा." मला त्या कोऱ्या पानापेक्षां हें वाक्य अधिक लागलें.

माझा पुतण्या याच धंद्यांत आहे. त्याला मीं खोदून विचारलें. तो म्हणाला, "काका, सर्व्हरला मुळीं स्मरणच नसतें." टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत ज्या जाळ्याची कल्पना मांडली, त्याचा एचटीटीपी हा दळणवळणाचा नियमच विसराळू आहे. प्रत्येक मागणी म्हणजे नवा अनोळखी मनुष्य! यांत सोय अशी, कीं एकाच सर्व्हरला असंख्य लोकांचें काम भारावांचून करतां येतें. पुढें १९९४ मध्यें नेटस्केपच्या लू माँटुली यांनीं कुकीची युक्ति काढली. देवळांत चपला ठेवतांना मिळणाऱ्या बिल्ल्यासारखीच ती. ब्राउझरनें बिल्ला दाखविला, कीं सर्व्हर माणूस ओळखतो.

वहिनींची अडचण याहून निराळी होती. त्यांना दिसलेलीं पांच पानें ब्राउझरच्या लेखीं एकच पान होतें. आंतला मजकूर तेवढा बदलत होता. त्यामुळें "मागें" याचा अर्थ अर्जाच्या बाहेर! कार्यक्रम लिहिणाऱ्यानें प्रत्येक पायरीची नोंद ब्राउझरच्या इतिहासांत केली असती, आणि लिहिलेला मजकूर तेथल्या तेथें सांठविला असता, तर हें घडतें ना. दोन्हींची साधनें आज प्रत्येक ब्राउझरांत तयार आहेत.

मात्र सांठवावयाचें कोठें, हा प्रश्न आमच्यासारख्या घरांत नाजूक आहे. सेशन-स्टोरेजमधील मजकूर टॅब मिटेपर्यंतच राहतो. लोकल-स्टोरेजमधील मजकूर पुसेपर्यंत तसाच राहतो. घरांत संगणक एक आणि बसणारे आठ! वहिनींच्या खात्याचा क्रमांक किंवा एखाद्या सुनेचें दुखणें पुढें बसणाऱ्याच्या नजरेस पडलें, तर असलें स्मरण नसलेलेंच बरें. तेव्हां खासगी मजकूर टॅबपुरताच ठेवावा, अथवा ज्याच्या त्याच्या नांवानें सर्व्हरवर मसुदा म्हणून जपावा, असें माझें मत झालें आहे. संकेतशब्द तर कोठेंच ठेवूं नये.

"पण काका, याला दोन दिवस जास्त लागतात, आणि मागणी करणारा तें मागत नाहीं," असें पुतण्या म्हणतो. मागणी करणारा कधीं अर्ज भरावयास बसतो कां? वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या २०१८ मधील सुगम्यतेच्या नियमांत, किती वेळ स्वस्थ राहिल्यास मजकूर जाईल हें आधीं सांगावें, नाहींतर तो २० तासांहून अधिक काळ जपावा, असें म्हटलें आहे. परंतु तो नियम सर्वांत कडक श्रेणींतला, म्हणून सहज बाजूस ठेवला जाण्यासारखा. एकदां दिलेली माहिती त्याच कामांत पुन्हां विचारूं नये, हा नियम २०२३ च्या आवृत्तींत आला, आणि तो अगदीं पहिल्या श्रेणींतला आहे.

पुतण्यानें वहिनींना एक परीक्षा शिकविली आहे. नव्या अर्जांत प्रथम नुसतें नांव लिहावें, एक पान पुढें जावें, आणि मागें येऊन पाहावें. नांव टिकलें तर वहिनी चष्मा पुसून पुढें बसतात. न टिकलें तर मला हांक येते. या महिन्यांत दोन अर्ज त्यांनीं स्वतः भरले, आणि एकासाठीं मला हांक आली.