दगडाला पाझर

घरात माठाला कुणी सच्छिद्र म्हणत नाही. माठ पाझरतो, भिंत ओल धरते, पाणी जमिनीत मुरतं. सच्छिद्र राहतो शाळेच्या पुस्तकात, इस्त्रीच्या कपड्यांत.

त्याच्या कुळाचीही थोडी अडचणच आहे. 'छिद्' म्हणजे कापणं, तोडणं. छेद, उच्छेद, विच्छेद ही सगळी भावंडं. छिद्र म्हणजे भोक, तसाच दोषही, म्हणून तर दुसऱ्याची उणीदुणी काढणारा छिद्रान्वेषी. इंग्रजीतल्या 'पोरस'चा मूळपुरुष मात्र ग्रीक 'पोरोस': वाट, नदीचा उतार. बॉस्फरस म्हणजे बैलाचा उतार आणि 'अपोरिया' म्हणजे पुढे वाटच नसणं. संस्कृतानं भोक पाहिलं, ग्रीकानं पलीकडचा काठ.

दगडाला विचारलं तर दोघांचंही खरं ठरतं. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले. त्यांच्या पोकळ्या जागोजाग दिसतात, पुष्कळशा पांढऱ्या स्फटिकांनी बुजलेल्या. उरलेल्यांचाही एकमेकींशी संबंध नसेल तर पाणी जाणार कुठून? भोकं आहेत, वाट नाही. भूशास्त्राला म्हणूनच सच्छिद्र वेगळा आणि पार्य, म्हणजे पाणी आरपार जाऊ देणारा, वेगळा मानावा लागतो.

कोकणातला जांभा मात्र दिलदार. फ्रान्सिस बुकॅनननं 1807 साली मलबारातल्या याच जातीच्या दगडाला लॅटिन 'लेटर', म्हणजे वीट, यावरून 'लॅटेराइट' म्हटलं. कारण तिथे लोक तो विटांसारखा कापून घरं बांधत. आपल्याकडचे चिरेही तसेच. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. जवळून पाहावं तर तांबड्यात पिवळे पट्टे आणि बोटाचं टोक जाईल अशा वेड्यावाकड्या नळ्या, एकीतून दुसरीत शिरलेल्या. वर तांब्याभर पाणी ओता, चिरा ते गुपचूप गिळतो.

दगडाला पाझर फुटणं आपण अशक्याच्या यादीत टाकलंय. हा वाक्प्रचार देशावर कुणाला सुचला असावा, असा माझा आपला संशय. कारण कोकणात आषाढ-श्रावणात जांभ्यातून मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीशी अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यांनी बाहेर पडतं. पण ते तिथे थांबत नाही, हीच रड. ज्या वाटांनी आत आलं, तसल्याच वाटांनी उतारावरून समुद्राकडे निघून जातं आणि एवढ्या पावसाच्या मुलखात वैशाखात वाडीवर टँकरची वाट पाहावी लागते.