होळीची वर्गणी

धानोरा (नंदुरबार)



पत्र पोहोचले. गावच्या होळीची वर्गणी द्यावी की नाही, आणि मुलांना घेराचा नाच पाहू द्यावा की दाराला कडी लावून बसावे, या दोन प्रश्नांचा निकाल तू माझ्यावर सोपवला आहेस. पाळकसाहेबांचा मज्जाव एकीकडे आणि भाऊबंदांचा रुसवा दुसरीकडे, अशा पेचात सापडलेल्या माणसाला दोन ओळींत वाटेला लावणे बरे नव्हे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

होळी हा आता निव्वळ सामाजिक उत्सव उरला आहे, ही तुझी पळवाट मला मंजूर नाही. काठी गावच्या राजवाडी होळीत कमरेला घुंगरे व सुके भोपळे बांधून, अंगावर राखेची नक्षी काढून आणि मोरपिसांचा टोप चढवून जो रात्रभर नाचतो, तो नवसाने बांधलेला असतो; त्यापायी तो दिवसचे दिवस अनवाणी फिरतो, खाटेवर निजत नाही. त्याच्या व्रताला आपल्या सोयीखातर करमणूक म्हणणे हा शेजाऱ्याचा उपमर्द होय. सबब नारळ वाहणे, नवस बोलणे यांत आपण नाही, हे नम्रतेने पण स्वच्छ सांगावे.

तेवढ्यावरून ढोल, पावा आणि एका पंक्तीचे जेवण त्याज्य ठरत नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय पुन्हा वाच: परधर्मीयाने जेवायला बोलावले तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खावे, हे नैवेद्याचे आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तरच सांगणाऱ्याच्या खातर हात आवरावा.

फर्मानांनी हा प्रश्न कुठे सुटला? गोव्यात इन्क्विझिशनने 1736 साली तुळशीपासून लग्नातल्या पानसुपारीपर्यंत बंदी घातली. तरी तिथल्या राय गावचे ख्रिस्ती शेतकरी 5 ऑगस्टला नव्या भाताची कणसे चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतातच. मॅसॅच्युसेट्समध्ये तर कट्टर ख्रिस्ती लोकांनीच 1659 साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला होता, तो 1681 साली रद्द झाला. आणि आपण? ना. वा. टिळकांचे अभंग बिनतक्रार गातो, केक कापतो, जर्मनांकडून आलेले नाताळचे झाड उपासनामंदिरात उभे करतो. ते चालते आणि सातपुड्यातला ढोल तेवढा बाटवतो, हा न्याय माझ्या बुद्धीला उमगलेला नाही.

तेव्हा वर्गणी दे, पण मागायला येण्याआधी स्वतः नेऊन दे, आणि ती जेवणाच्या खाती मांडावी असे पंचांना सांग. मुलांना घेर अवश्य दाखव; मोहाची बाटली फिरू लागण्यापूर्वी मात्र घरी आण. हे पत्र पाळकसाहेबांना दाखवलेस तरी माझी हरकत नाही.

तुझा,
मामा