घळीचा फोटो

ऑगस्टमध्ये राखीला घरी गेलो होतो. घर म्हणजे भरवेली, बालाघाटजवळचं मँगनीजच्या खाणीचं गाव. कुणाला गाव सांगितलं की पुढचा प्रश्न खाणीचाच येतो. ही खाण आता चारशे मीटरहून खोल गेली आहे. माझे बाबा तिथेच, जमिनीखाली काम करतात. येत्या मार्चमध्ये रिटायर होतील.

मंडळाच्या ग्रुपवर पावसाचे फोटो मागवले होते, म्हणून मी गांगुलपाऱ्याला निघालो. बैहर रोडवरचा हा धबधबा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांना सुट्टी होती. म्हणाले, "चल, मी पण येतो."

सेल्फीवाल्यांची गर्दी मागे टाकून आम्ही नाल्याच्या कडेने चालू लागलो. भूगोलाच्या पुस्तकात आमचं जंगल पानझडीचं. एप्रिलमध्ये इथल्या सागाला पान शोधावं लागतं. पण श्रावणात बांबू दोन्ही बाजूंनी वाटेवर वाकतो, खोडांवर शेवाळ चढतं आणि वाटतं, आपण केरळातल्या एखाद्या सदाहरित रानात आलो. पाण्याचा आवाज सोडला तर सगळं शांत.

पुढे नाला खडकांतून खाली उतरतो. घळ फार मोठी नाही, पण डोळ्यांना खोल वाटते. मोबाइलवर मात्र ती सपाट यायची. आभाळ नीट आलं की खडक काळा ठिक्कर, खडक दिसला की आभाळ पांढरंफटक. थोडं पुढे जाऊन अँगल बदलावा म्हणून मी एका दगडावर पाय टाकणार, तेवढ्यात बाबांनी दंड धरला.

"थांब बेटा."

त्यांनी हातातल्या काठीने दगड ठोकला. आवाज पोकळ आला. शेजारचा ठोकला, तो टणक वाजला. "यावर ठेव पाय. खाली आम्ही छत असंच ठोकून पाहतो. पोकळ वाजलं, तर तिथे उभं नाही राहायचं."

इतकी वर्षं ते असं काही ठोकत आले, हे मला माहीतच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

खोली दाखवायची तर फ्रेममध्ये माणूस हवा. मी बाबांना जरा खाली, मोकळ्या जागी उभं केलं. आधी ते आधार कार्डाच्या फोटोसारखे ताठ उभे राहिले. मग त्यांनी वर पाहिलं. "एवढ्या खाली येऊन पण आभाळ दिसते," ते म्हणाले. मी बटण दाबलं.

परतताना मी पहिल्यांदाच खाणीबद्दल विचारलं. केजमधून उतरताना कसं वाटतं, किती उकडतं, डबा कुठे बसून खाता. ते सांगत गेले. "खाली पावसाळा समजतच नाही. वर आल्यावर अंगण ओलं दिसलं की कळते, आज पाऊस झाला."

ग्रुपवर मी नुसत्या धबधब्याचा फोटो पाठवला. बाबांचा फोटो तसा फसलेलाच आहे, लेन्सवर थेंब होता, त्यांचा अर्धा चेहरा पुसट झाला आहे. तरी तो मी डिलीट केला नाही.

नागपूरला येताना भंडाऱ्याजवळ बस वैनगंगेच्या पुलावर आली. आमच्याकडचं पाणी याच नदीतून इथवर येतं. मी बाबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग आठवलं, त्यांची शिफ्ट सुरू झाली असणार.