उस्मानपुऱ्यातील एक नाव आणि एका पैचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्थानकाकडून क्रांती चौकाकडे येताना उस्मानपुरा लागतो. येथे गुरुद्वारा आहे, पीर बाजार आहे आणि १९६० साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. याच वस्तीत महानगरपालिकेचे संत एकनाथ रंगमंदिर उभे आहे. नाटकाला येणारा प्रेक्षक बहुधा वेळ आणि तिकिटाचा दर विचारतो. परंतु नाथांचा रंगभूमीशी संबंध काय, असे कुतूहल मनात आले, तर वाट थेट देवगिरीच्या किल्ल्याकडे जाते.

पैठणचे एकनाथ (१५३३–१५९९) त्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींपाशी शिकत आणि हिशेबाचे कामही पाहत. परंपरेतील कथा अशी : एकदा एका पैचा मेळ बसेना. रात्रभर जागून चूक सापडली, तेव्हा नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. चूक कोणाची, हे त्यांनी विचारले नाही. आनंद कशाचा, हे विचारले. शिष्याचे उत्तर पूर्ण ऐकले आणि त्यातूनच पुढचा प्रश्न काढला : एका पैची चूक सापडल्याने एवढा आनंद, तर संसाराच्या हिशेबातील चूक सापडली तर केवढा होईल?

पहिला प्रश्न जिज्ञासेचा होता, दुसरा श्रवणाचा. शिष्याचे बोलणे अर्ध्यावर तोडले असते, तर दुसरा प्रश्न सुचलाच नसता.

नाथांनी पुढे हेच श्रवण समाजात नेले. जोशी, गोंधळी, वासुदेव अशा कितीतरी लोकांची बोली त्यांच्या भारुडांत उतरली. त्यांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त दोघे एकमेकांना टोचून बोलतात, प्रश्न विचारतात, उत्तरे ऐकतात आणि अखेरीस वाद मिटतो. दोन्ही बाजू कान देऊन ऐकल्याशिवाय असे लेखन होत नाही. रंगभूमीशी नाथांचे नाते हे असे आहे.

व्यापारी घरांना ही गोष्ट परकी नाही. ग्राहक म्हणते, "हलकी साडी दाखवा." घाईचा दुकानदार लगेच कमी किमतीचा ढीग मांडतो. जाणता दुकानदार विचारतो, "वजनाला हलकी की किमतीला?" मग कळते, की साडी वृद्ध सासूबाईंसाठी हवी आहे, जरीचा भार त्यांना सोसवत नाही. एका प्रश्नाने विक्री होते, शिवाय ग्राहकाचा मानही राहतो.

'श्रावक' या शब्दाचा अर्थच मुळी ऐकणारा. मात्र आज पेढीवर संगणक आला, रोजमेळ क्षणात जुळतो. जुन्या चोपडीत एखाद्याचे येणे वर्षानुवर्षे का सोडून दिले होते, हे मात्र संगणक सांगत नाही. ते आजोबांना ठाऊक असते. नातवाने आज विचारले नाही, तर उद्या आकडा उरेल आणि त्यामागची माणसे हरवतील.